बाबांच्या गाडीची मागची बाजू

आमच्या घरात कोणी कोणाला काही सांगत नाही. भांडणं नाहीत, अबोला नाही, सगळं अगदी गोडीगुलाबीनं चालतं. फक्त जे सांगायला हवं तेवढं सोडून बाकी सगळं बोललं जातं. हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी एका गाडीखाली उताणी पडलेली असताना कळलं, आणि कळलं तेव्हा मी हातातला पाना भिरकावला. तो मिस्त्रींच्या चहाच्या पेल्याला लागला आणि पेला फुटला. मिस्त्रींनी तुकडे गोळा केले. त्यांना माझी सवय आहे.

माझं गॅरेज आहे. इंजिनाच्या भानगडीत मी पडत नाही. गाडीच्या कमरेखालचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं, म्हणजे स्प्रिंगा, सांधे, चाकांचे दांडे. गाडी खड्ड्यात आदळते, वळणावर कलते, एका बाजूला ओढते, अशी तक्रार असली की लोक माझ्याकडे येतात आणि निघताना माझ्या तोंडाबद्दल तक्रार करतात. माझ्याकडे कामाला असलेले मिस्त्री माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मला ताई म्हणतात आणि माझ्या वाटचं गोड तेच बोलतात, म्हणून गॅरेज चालतं.

तर एका शनिवारी सकाळी बाबा त्यांची गाडी घेऊन आले. ही गाडी त्यांनी भंगारवाल्याकडून उचलून आणली तेव्हा मी पाच वर्षांची होते. दोनच माणसांची जागा, कापडी छप्पर, लांबलचक नाक, आखूड शेपूट, बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. सुट्ट्यांमध्ये त्यांनी ती गाडी एकेक स्क्रू मोजून उभी केली. तेव्हा ती एखाद्या तापट माणसासारखी पळायची. आता मागून बसलेली होती. गेटातल्या उंचवट्यावरून आत येताना तिचं बूड जमिनीला घासलं आणि मला स्वतःलाच खरचटल्यासारखं झालं.

"मागची बाजू जरा बसते," बाबा म्हणाले. "शॉकअप बदलून दे. स्प्रिंगांना हात लावू नकोस."

मला कोणी कामाच्या आधी काम शिकवलं की माझं डोकं फिरतं. पण बाबांचा चेहरा बघून मी किल्ली घेतली. त्यांच्या डोळ्यांचं मला माहीत होतं. कडेचं दिसणं वर्षभरापासून कमी होत चाललं होतं. महिनाअखेरीला त्यांचा गाडी चालवायचा परवाना संपत होता आणि नव्या परवान्याच्या कागदावर डॉक्टर सही करणार नव्हते. तोवर दिवसाउजेडी, सावकाश, ओळखीच्या रस्त्यानं. एक तारखेपासून बंद.

"तुझ्या आईला एकदा वरच्या तळ्यापर्यंत नेऊन आणायचंय," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी. या वेळी येते म्हणालीय."

आई त्या गाडीत सव्वीस वर्षं बसलेली नव्हती. दर रविवारी बाबा विचारायचे, "येतेस का गं?" आणि दर रविवारी तिला काहीतरी असायचं. डोकं दुखतंय, दूध तापत ठेवलंय, शेजारीण येणार आहे, तुम्हीच जा. मग बाबा एकटेच वळणांच्या रस्त्यानं तळ्यापर्यंत जायचे, तिथे अर्धा तास बसायचे आणि परत यायचे. आम्हाला वाटायचं, आईला गाड्यांची आवड नाही. कुणी फार विचार केला नाही, मीही नाही.

आधी मी मिस्त्रींना शेजारी बसवून एक फेरी मारली. सरळ रस्त्यावर गाडी ठीक होती, उलट गादीवर बसल्यासारखं वाटत होतं. वळणांना सुरुवात झाली आणि गाडीची मागची बाजू आपल्या मनानं वागायला लागली. पुढची चाकं वळून मोकळी झाली तरी शेपूट अजून आधीच्याच वळणाचा विचार करत होतं. एकदा डावीकडे रेलली की सावकाश उठायची, मग तितक्याच सावकाश उजवीकडे. पाचव्या वळणाला मिस्त्रींनी माझ्या हाताला हात लावला. मी गाडी थांबवली. चाळीस वर्षं या धंद्यात घालवलेला माणूस रस्त्याच्या कडेला गुडघ्यात डोकं घालून बसला.

"ताई," थोड्या वेळानं ते म्हणाले, "ही गाडी नाही, पाळणा आहे. परत जाताना मी चालवतो."

मी आज्ञाधारक मुलीसारखे आधी शॉकअपच बदलले. स्प्रिंगेजवळ तेल भरलेली एक नळी असते, तिच्यात दट्ट्या असतो, तो शॉकअप. त्याचं काम एवढंच, की स्प्रिंग एकदा दबली की तिनं उगाच नाचत बसू नये. गाडीचं ओझं तो पेलत नाही. ओझं स्प्रिंग पेलते. नवे शॉकअप लावून मी गाडीचं बूड दोन्ही हातांनी दाबून बघितलं. नाचणं थांबलं होतं. बसणं तसंच होतं. म्हणजे रोग स्प्रिंगेतच होता, आणि स्प्रिंगांना हात लावायचा नव्हता. मी अर्थातच हात लावला.

डावी स्प्रिंग बाहेर काढली आणि हातात घेतल्याघेतल्या कळलं की ही या गाडीची नाही. तार बारीक होती. असली स्प्रिंग बिछान्यासारख्या चालणाऱ्या चार दरवाज्यांच्या घरगुती गाडीत असते. कोणीतरी ती इथे बसवली होती, आणि ती जास्त दबते म्हणून गाडी खाली येऊ नये यासाठी वरच्या टोकाला रबराचे वेढे घातले होते. ते वेढे मी गाडीखालीच उताण्या उताण्या पुसून दिव्याच्या उजेडात धरले. जुन्या टायरमधून कापलेले, पण कड इतकी गोल की परकारानं आखली असावी. आतल्या बाजूला तीन ठिकाणी सारख्या अंतरावर खाचा होत्या. एवढ्या कौतुकानं टायर कापणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितलाय. लहानपणी माझ्या वह्यांना कव्हरंही तोच घालायचा. मी पाना फेकला तो तेव्हा.

बाबांना फोन करून बोलावून घेतलं. ते आले, टेबलावर ठेवलेली स्प्रिंग बघितली आणि स्टुलावर बसले.

"हात लावू नको म्हटलं होतं ना?"

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"तू तेव्हा शिकायला बाहेर होतीस," ते म्हणाले. "आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं. त्यानंतर गाडीत बसली की एकेक खडा तिला कळायचा. बोलायची नाही, पण दाराचा दांडा धरून बसायची. मग मी मऊ स्प्रिंगा शोधल्या. महिना गेला त्यात."

"तिला सांगितलंत?"

"त्यात सांगायचं काय?"

"आणि मग ती बसायला लागली?"

बाबांनी एक रबरी वेढा उचलला, खाचांवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला. "दोन-तीनदा आली," ते म्हणाले. "नंतर नाही आली. जाऊ दे. तू स्प्रिंगा आहेत तशा बसव. तिची पाठ अजून कुरकुरते. मी विचारतो ना मधूनमधून, म्हणते आहे जराशी."

त्यांना मिस्त्रींबरोबर चहाला बसवून मी तडक त्यांच्या घरी गेले. आई शिवणाच्या मशीनवर पडद्याला किनार घालत होती. मी समोर खुर्ची ओढून बसले आणि स्प्रिंगांचं सगळं सांगितलं. तिनं मशीन थांबवलंसुद्धा नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"स्प्रिंगा बदलल्या ते. डोळे होते मला. महिनाभर प्रत्येक रविवारी हा माणूस गाडीखाली. अंगाखाली गोणपाट, शर्ट काळा, संध्याकाळी सरळ उभं राहता यायचं नाही. माझ्या पाठीसाठी स्वतःची पाठ मोडून घेतली. आणि एवढं करून एका शब्दानं बोलले नाहीत."

"मग तू बसत का नाहीस त्या गाडीत?"

आता मशीन थांबलं. आईनं दाराकडे एकदा बघून घेतलं, जसं काही बाबा तिथे कान लावून उभे होते.

"मळमळतं गं मला," ती म्हणाली. "आधी नुसती पाठ दुखायची, ते परवडलं. हे नवीन केल्यापासून पहिल्याच वळणाला पोटात ढवळायला लागायचं. तळ्यापर्यंत जाऊन येईपर्यंत मी देवाचा धावा करायचे. आता त्यांना काय सांगू? की तुम्ही एवढे कष्ट केलेत, त्यानं मला ओकारी येते?"

"हो. तेच सांगायचं."

"तुला जमेल. तुझ्या जिभेला हाड नाही."

"आणि पाठीचं काय?"

"पाठ सहा महिन्यांत बरी झाली."

"मग बाबा विचारतात तेव्हा आहे जराशी का म्हणतेस?"

"बरी आहे म्हटलं असतं तर गाडीत बसावं लागलं असतं ना," आई म्हणाली, आणि मी मठ्ठ असल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सव्वीस वर्षं. एक माणूस दर रविवारी एकटा डोंगर चढून तळ्याकाठी बसतो, दुसरं माणूस घरात नसलेलं दूध तापवतं, आणि दोघंही एकमेकांचं मन राखतायत. मी हे सगळं चढ्या आवाजात बोलून दाखवलं. आईनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"या वेळी मी जाणार आहे," ती म्हणाली. "शेवटचं आहे त्यांचं. उलटीची गोळी घेईन आणि डोळे मिटून बसेन. पण तू त्यांना एक अक्षर बोलायचं नाहीस. एवढ्या वर्षांनी कळलं तर केवढं लागेल त्यांना. मला वचन दे."

मी वचन दिलं. का दिलं, मला माहीत नाही. आईपुढे माझी सगळी ऐट गळते.

म्हणजे आता एकीकडे स्प्रिंगा बदलू नको म्हणणारे बाबा आणि दुसरीकडे का बदलायच्या ते सांगू नको म्हणणारी आई. मी परस्पर ठरवून टाकलं. स्प्रिंगा बदलायच्या आणि तोंड बंद ठेवायचं. या घरची मुलगी शोभते मी.

गाडीच्या मूळ स्प्रिंगेची मापं बाबांच्याच एका जुन्या नकाशात होती. स्प्रिंगा वळून देणाऱ्याकडून मी तशी जोडी करवून घेतली, बसवली आणि मिस्त्रींना पुन्हा फेरीला नेलं. या वेळी त्यांना मळमळलं नाही. या वेळी त्यांची टोपी उडाली. गाडी बारक्या खड्ड्यालाही टुणकन उडी मारत होती आणि ती उडी थेट माकडहाडात पोचत होती. गॅरेजच्या दारात उतरून मिस्त्रींनी जिभेनं सगळे दात चाचपून बघितले.

"ताई, आधीच्यानं पोट गेलं, यानं पाठ जाईल," ते म्हणाले. "मधलं काहीतरी बघा."

चूक माझी होती. रागाच्या भरात मी एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला गेले होते. मधलं माप काढायचं तर दोघं बसल्यावर मागच्या चाकांवर किती ओझं येतं ते नक्की कळायला हवं होतं. बाबांनी वजन लगेच सांगितलं, दशांश चिन्हासकट. आईला फोन केला तर म्हणाली, "चोपन्न." आईचं वजन मी शाळेत होते तेव्हाही चोपन्न होतं. मी शेजारच्या सीटवर पासष्ट किलो वाळूच्या पिशव्या रचल्या, माझ्या वजनात थोडं कमीजास्त करून बाबांच्या जागी स्वतः बसले आणि मिस्त्रींना मागून उंची मोजायला लावली. असं तीन दिवस चाललं. तार अर्ध्या मिलिमीटरनं बारीक केली, वेटोळं एक वाढवलं, शॉकअपचा ताण थोडा चढवला. शुक्रवारी संध्याकाळी मी भरल्या पेल्यासकट मिस्त्रींना तळ्यापर्यंत नेऊन आणलं. वळणावर गाडी एकदा कलायची आणि तिथेच थांबायची, वळण संपलं की सरळ. खड्ड्यात एकदा दबायची, एकदाच उठायची. मिस्त्री परत येईपर्यंत सबंध चहा प्यायले आणि शर्टावर एक थेंब नव्हता. त्यांच्याकडून मला याहून मोठं प्रशस्तिपत्र आजवर मिळालेलं नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन मी घरी गेले. आई तयार होऊन दारात उभी होती. चेहरा जरा पांढरा होता. बहुतेक गोळी घेतलेली होती.

"काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"शॉकअप बदलले," मी म्हणाले. खोटं नव्हतंच ते.

"आधी एक चक्कर मारून बघतो," म्हणून ते एकटेच कोपऱ्यापर्यंत गेले आणि वळून परत आले. दोन मिनिटंही लागली नाहीत. इंजिन बंद केलं, पण उतरले नाहीत.

"स्प्रिंगा बदलल्यास."

अडतीस वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या माणसाला फसवता येत नाही, हे मला कळायला हवं होतं. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"इतकं सांगून बदलल्यास. हिच्या पाठीचं काय होईल? आता नेऊ कसा मी हिला? एकच रविवार मागितला होता तुझ्याकडे."

आई मागून मानेनं मला नको नको म्हणत होती. मला वचन आठवत होतं. पण बाबा पट्टा सोडायला लागले ते बघितलं आणि ठरवलं, गेलं खड्ड्यात वचन.

"तिची पाठ सव्वीस वर्षांपूर्वीच बरी झालीय," मी म्हणाले. "तुमच्या मऊ स्प्रिंगांनी तिला उलटी येते. म्हणून ती येत नव्हती. तुम्ही तिच्यासाठी केलंत हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही. झालं. आता दोघांनी मला काय बोलायचं ते बोला."

आई पायरीकडे बघत होती. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मनात म्हटलं, लागलं त्यांना, आई म्हणत होती तसंच लागलं, आणि शेवटचा रविवार मी माझ्या हातानं घालवला. मला रडू यायला लागलं होतं.

"म्हणजे गाडीमुळे?" बाबा म्हणाले.

"अहो, म्हणजे काय," आई म्हणाली. "दुसरं काय असणार?"

"मला वाटलं, माझ्यामुळे."

आईनं वर बघितलं.

"तू यायची बंद झालीस," बाबा म्हणाले. ते आईकडे नाही, समोरच्या काचेतून बघत बोलत होते. "मी एवढं सगळं केलं तरी आली नाहीस. मला वाटलं, घरात ठीक आहे, माणसं असतात, कामं असतात. पण नुसतं माझ्या शेजारी तासभर बसायचं म्हटलं की तुला नको होतं. असतं असं काही जणांचं. म्हणून मी फार आग्रह केला नाही."

सव्वीस वर्षं हा माणूस दर रविवारी हे मनात घेऊन तिला येतेस का म्हणून विचारत होता, आणि नाही ऐकून हसत निघत होता. माझ्याच्यानं तिथे उभं राहवेना. आई मात्र पायऱ्या उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली, दार उघडून आत बसली आणि पट्टा लावला. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज रागावल्यासारखा होता.

"कमाल आहे तुमची," ती म्हणाली. "विचारायचं नाही का एकदा? चला आता."

ते गेले. गल्लीच्या टोकाला गतिरोधक आहे. गाडीची मागची बाजू त्यावर एकदा दबली, एकदा उठली आणि स्थिर झाली. मी ते नीट बघितलं. माणूस रडत असला तरी काम बघायचं सोडत नाही. तासाभरात येतो म्हणालेली माणसं साडेचार तासांनी आली. आई भुकेली होती. मळमळ विचारली तर म्हणाली, "कसली मळमळ?"

एक तारखेला अकरा दिवस होते. ते रोज गेले, अकराही दिवस. कधी तळ्यावर, कधी नुसतेच बाजारापर्यंत. परत आल्यावर दोघंही मला काही सांगायचे नाहीत, आणि या खेपेला मला त्याचा राग आला नाही.

एक तारखेला मी गाडी न्यायला गेले. ती माझ्या गॅरेजमध्ये ठेवायची, पुढे काय ते नंतर बघू, असं ठरलं होतं. फाटक उघडलं तर गाडी अंगणात नेहमीच्या जागी उभी होती. इंजिन बंद, काचा वर, आणि आत दोघंजण आपापल्या जागी बसलेले. बाबांचे हात मांडीवर होते. आई काहीतरी हातवारे करून सांगत होती आणि बाबा तिच्याकडे पुरते वळून ऐकत होते. काचेमुळे मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मी खाकरणार होते, काचेवर टकटक करणार होते, कारण गॅरेजमध्ये दोन गाड्या माझी वाट बघत होत्या आणि मला थांबायची सवय नाही. आईचं बोलून झालं, मग बाबा बोलायला लागले, बराच वेळ. मी फाटक आवाज न करता लोटून घेतलं आणि चालत परत आले.